एवढं संकट पुरेसं आहे का?

समारंभाच्या अध्यक्षा डॉ. ओडेट ब्रॅनम, व्यासपीठावरचे आदरणीय पाद्रीसाहेब, सत्कारमूर्ती वर्लीन हॅस्केटबाई, आणि मक्याची कापणी अर्धी टाकून आलेल्या माझ्या गावकऱ्यांनो,

मी टोबिन क्राइडर. घोड्यांना नाल ठोकतो. मला घोड्यांशी बोलायची सवय, तेव्हा सांभाळून घ्या.

दवाखान्याच्या खिडकीशी सव्वीस वर्षं बसलेल्या बाईंबद्दल बोलायचं, तर मला माझं अज्ञान उघडं करावं लागेल. तिशीच्या आतल्यांना मिळतो तो स्वस्तातला 'महासंकट' विमा मी घेतला होता. आता नावातच महासंकट! मी समजलो, घोड्याची लाथ छातीत बसली, वादळात छप्पर अंगावर आलं, तरच तो कामाचा. बाकीची दुखणी आपली आपण सोसायची. तुम्ही तरी दुसरं काय समजला असता?

गेल्या वर्षी मार्चमध्ये मला तहान लागायला लागली. कितीही पाणी प्यालो तरी घसा कोरडा. पट्ट्याला तीन नवी भोकं पाडावी लागली. पण तहान म्हणजे काही महासंकट नव्हे! गप्प राहिलो. शेवटी एका सकाळी घोड्याचा खूर हातात धरला, तर मला एकाचे दोन दिसू लागले. तसाच दवाखान्यात आलो आणि खिडकीशी वाकून विचारलं, "बाई, एवढं संकट पुरेसं आहे का?"

"कशाला पुरेसं?"

"विम्याला. की अजून थोडं वाढू देऊ?"

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "अरे गाढवा, मेल्यावर येणार होतास का? वर्षातून तीनदा डॉक्टरांना दाखवणं त्यात धरलेलंच असतं!"

"मग त्याला महासंकट कशाला म्हणतात?"

"ते मला कळलं असतं तर मी इथे बसले असते? बस त्या खुर्चीत."

डॉक्टर ब्रॅनम इथेच व्यासपीठावर आहेत. त्यांनी रक्तातली साखर तपासली, ती भलतीच वाढलेली निघाली, आणि लगेच रुग्णवाहिका बोलावली. आणखी दोन दिवस गेले असते, तर भाषणं झाली असती, पण वेगळ्या समारंभात.

इस्पितळातून चार दिवसांनी सुटलो आणि विमा कंपनीचे कागद यायला लागले. तीन भेटी कंपनीच्या, मग वर्षाचा पहिला मोठा खर्च माझा, त्यापलीकडचा पुन्हा कंपनीचा! हे काय गणित? कागद घेऊन बाईंकडे गेलो. त्यांनी जेवणाच्या सुट्टीत कंपनीला फोन लावला, पन्नास मिनिटं तो खांद्याशी धरून ठेवला, सँडविच तसंच राहिलं. फोन ठेवून म्हणाल्या, "टोबिन, मलाही सगळं नाही कळलं. पण मला विचारायची लाज वाटत नाही. तुला वाटली, म्हणून मरायला निघाला होतास."

मंडळी, खरंच वाटली होती. अडाणी ठरेन म्हणून.

बाई, तुमचे आभार कसे मानावेत हेही मला नीटसं कळत नाही. कार्यक्रमाच्या आयोजकांचा आणि आपणा सर्वांचा मी ऋणी आहे. बोलण्यात विम्याचं एखादं कलम चुकीचं सांगून गेलो असेन, तर उदार मनानं माफ करा. आणि कृपा करून माझ्या भरवशावर राहू नका. सोमवारी सकाळी आपापल्या विमा कंपनीला फोन लावा आणि विचारा.