पंचवीस डिग्रीची कॉइल

माजलगावच्या कुरिअर ऑफिसात रांग हलायचं नाव घेत नव्हती. भगवानरावांच्या पुढं एक नवरा-बायको उभे होते. बायकोच्या हातात सोलर पंपाच्या पेटीतलं सर्किटचं कार्ड होतं, अन् दोघंही त्याच्यावर सोल्डर केलेल्या जळक्या चौकोनी कॉइलीकडं बघत होते.

"तीन अँपिअरचीच बसवू, सायली. करंट अडीचच्या वर जात न्हाई."

"मागच्या टायमालाबी तीनचीच बसवलीत तुमी."

"कंपनीच्या कागदावर तीन लिव्हलंय."

"पंचवीस डिग्रीच्या गारव्यात तीन लिव्हलंय. माझ्या आबाच्या पंपाची पेटी पत्र्याची हाय, अन् रानात सावलीला झाड न्हाई."

भगवानरावांनी मोबाईल खिशात घातला.

"जळल्यावर मामा काय म्हणले?" नवऱ्यानं सासऱ्याचं विचारलं.

"काय न्हाई. जावई हुशार हाय म्हणले."

"अजून?"

"पेटीवर वलं पोतं टाकून बसलेत. वाळलं की भिजवतेत."

"पाच अँपिअरची कॉइल लई जाड असती. पेटीचं झाकण लागायचं न्हाई."

"लागतंय. सोमवारी मापलं मी."

नवऱ्यानं जळक्या कॉइलीवर अंगठा ठेवून जाडी बघितली.

"बरं. पाचचीच मागव मग."

तेवढ्यात खिडकीतून सायलीच्या नावाचा पुकारा झाला. तिनं सही करून एक पाकीट घेतलं.

"मीटरचं पार्सल आलंय म्हणून आणलंस ना मला? मग एवढुसं कसं?"

"मीटर न्हाई. पाचची कॉइल हाय."

"आधीच मागवली होती, तर मघापासून माझ्यासंग वाद कावून घालीत होतीस?"

"आबाला सांगायचंय ना, जावयानं निवडली म्हणून."