गौतमने ती गाडी अशी सोडली नव्हती

जमलेल्या आयाबहिणींनो, भावांनो, गौतमच्या आयटीआयमधल्या सहकाऱ्यांनो, त्याच्या विद्यार्थ्यांनो,

मी कुसुम. गौतमची थोरली बहीण. परतूरला शाळेत शिकवते. रोज वर्गापुढं बोलते, पण असं बोलायची वेळ कधी आली नव्हती. एवढ्या उन्हात तुम्ही गौतमच्या शोकसभेला जालन्याला आलात, कुणी हसनाबादहून, कुणी अंबडहून. तुमच्यापुढं त्याच्या चार चांगल्या आठवणी सांगाव्यात, असं ठरवून आले होते. त्या आठवणी आता बाजूला राहिल्या. माझ्याआधीची भाषणं ऐकली आणि राहिला तो राग. तेवढा ऐकून घ्या.

सगळे एकच बोलले. गौतमला वेगाचं वेड होतं. एकजण म्हणाले, तरणं रक्त, आवरलं नाही. दुसरे म्हणाले, नशीब. आणि माझी आई मान खाली घालून हे ऐकत होती. आई, मान वर कर. तुझ्या लेकानं काही गुन्हा केलेला नाही.

गाडी कुणाची होती? गौतमची नव्हती. ती धनंजयरावांची. कापसाच्या जिनिंगवाले धनंजयराव, समोर बसलेत, हात गळ्यात बांधलेला आहे. हैदराबादकडच्या एका जहागीरदाराची जुनी स्पोर्ट्स कार त्यांनी आणली. दोन माणसांची, बिनछताची, लाल. तिला शर्यतीत उतरवायचं होतं. आयटीआयमध्ये मोटारीचं काम शिकवणारा गौतम त्यांचा शाळेपासूनचा मित्र. ते म्हणाले, गौतम, वळणावर ही लई डुलती, काहीतरी कर.

त्यानं काय केलं ते मला ठाऊक आहे, कारण त्यानं ते मला आमच्या अंगणात समजावून सांगितलं होतं. बाज होती, ढिल्या सांध्यांची. म्हणाला, "ताई, हिचा एक पाय उचल." मी उचलला. सगळी बाज पिळली. "बघ. छत नसलं की गाडी अशीच पिळती. आधी हे पिळणं थांबवायचं. सांगाडाच ढिला असंल तर बाकीचं काय कामाचं?"

म्हणून त्यानं आधी चेसिसखाली लोखंडी पट्ट्यांची फुलीसारखी बांधणी केली. मग पुढच्या चाकांना अँटी-रोल बार. तो त्याला नुसती दांडी म्हणायचा. गाडी वळताना एका अंगाला झुकते, तेव्हा ही दांडी दोन्ही चाकांना एकमेकांशी धरून ठेवते, फार झुकू देत नाही. दांडी किती जाड घ्यायची, यासाठी तो बारीकपासून सुरू करायचा. एक बसवायचा, चालवून बघायचा, काढायचा, दुसरी बसवायचा. मी चिडले, "अरे, घाल की एकदाची जाडजूड!" तर हसला. "पुढचीचा अन् मागचीचा मेळ पाहिजे, ताई. मागं उगाच जाड घातली तर वळणावर मागची चाकं जागा सोडत्यात. गाडी गरकन फिरती."

हा वेडा माणूस होता का? सांगा ना. ज्याला वेगाचं वेड असतं, तो असा महिनोन्महिने गाडीखाली पडून राहतो का?

मग धनंजयराव मद्रासकडं शर्यती बघून आले. तिथून मागच्या चाकांसाठी एक जाड दांडी घेऊन आले. त्या दिवशी मी वर्कशॉपमध्येच होते. गौतम म्हणाला, "ही न्हाई बसवायची. बिलकुल न्हाई. ह्या गाडीला ही झेपणार न्हाई." धनंजयराव म्हणाले, "बराबर आहे. तू म्हणशील तसं." हेच शब्द. माझ्यासमोर.

आणि गौतम परीक्षेच्या कामात गुंतला, तेव्हा धनंजयरावांनी गाडी औरंगाबादला एका मिस्त्रीकडं नेली. खालची बांधणी जिनिंगच्या आवारातल्या दगडांना घासत होती म्हणून काढून टाकली. मागं ती जाड दांडी बसवली. आणि रविवारी सकाळी गाडी आमच्या दारात आणून उभी केली. मी ओसरीत उभी होते. गौतमनं विचारलं, "काही बदललं का?" धनंजयराव म्हणाले, "काही न्हाई. तू सोडली तशीच हाये. चल, वडीगोद्रीपर्यंत एक चक्कर मारू." गौतम खाली वाकून बघत नाही बसला. मित्राच्या शब्दावर चावी घेतली.

वडीगोद्रीच्या अलीकडं नाल्याचं वळण आहे. तिथं चहाचं हॉटेल आहे. हॉटेलवाल्या काकांना मी जाऊन भेटले. ते म्हणाले, "बाई, गाडी काही जोरात नव्हती. त्यानं हात केला मला, म्या बी केला. अन् वळली तशी मागून सरकली. गर्रकन फिरली अन् बाभळीवर गेली." बाभळीकडची बाजू गौतमची होती.

आणि धनंजयरावांनी पोलिसांना काय सांगितलं? गौतमला वेग आवरला नाही.

मी पोलीस ठाण्याच्या आवारात गेले. साडीचा पदर खोचला आणि त्या मोडक्या गाडीखाली गेले. जमादार म्हणाले, बाई, तुम्हाला काय कळणार त्यातलं? जी बांधणी बसवताना मी पाने हातात देत होते, ती तिथं नव्हती. तिच्या बोल्टांची भोकं मोकळी होती. आणि मागं ती जाड दांडी, कोरी करकरीत. जमादारांना खाली वाकायला लावून दाखवलं. मग औरंगाबादच्या मिस्त्रीला जाऊन विचारलं. त्यानं काही लपवलं नाही. म्हणाला, मालकानं सांगितलं तसं केलं.

मला कुणाला फासावर द्यायचं नाही. मुद्दाम मारलं असं मी म्हणत नाही, म्हणणारही नाही. पण चूक झाली, तर ती मेलेल्या माणसाच्या माथी मारायची? तो उठून बोलणार नाही म्हणून? आमची माणसं मेल्यावर त्यांच्यावर काहीही लिहा, कोण विचारायला येतंय, असं वाटलं का तुम्हाला? मी आलेय विचारायला.

उद्या हीच पोरं, त्याचे विद्यार्थी, दुसऱ्याच्या गाड्या हातात घेणार. त्यांनी काय शिकायचं? सर बेफिकीर होते म्हणून गेले, हे?

गौतम, बाळा, तू काम नीट केलं होतंस. तुझ्या ताईचा तुला जयभीम.

आता सगळ्यांनी उभं राहावं. आई, तू पण. ऊठ, माझा हात धर.

त्याच्यासाठी आपण सगळे मिळून गप्प उभे राहणार आहोत. पण लगेच नाही. धनंजयराव, पुढं या. तुमचा एक हात गळ्यात आहे, जीभ शाबूत आहे. त्या गाडीतून काय काढलं आणि काय बसवलं, ते ह्या माझ्या आईला सांगा.

आधी तुम्ही बोला. मग आम्ही गप्प उभे राहतो.