पाहुण्याची जागा

हॅलो?… हॅलो, कोण?

ताई? अगं बोल ना, असा दबका आवाज का?… नाही, घरी नाही. प्रयोगशाळेत आहे… हो, माहितीये सुट्टी आहे. म्हणून तर आलेय. कोणी जिना चढत नाही, दारं आपटत नाहीत, मग आमचं ते सूक्ष्मदर्शक यंत्र शहाण्यासारखं वागतं… तळघरातच, हो. तिथंच ठेवावं लागतं त्याला. वर ठेवलं तर पलीकडच्या खोलीत कोणी शिंकलं तरी चित्र बिघडतं.

छे, व्यत्यय कसला. झालं काम. अगं ऐक ना, बरं झालं तूच फोन केलास. आज दिसला मला… कोण काय, पाहुणा दिसला.

हसू नकोस. माणूस नाही गं, रेणू.

'कोण रेणू' म्हणजे? जन्म गेला माझा रसायनशास्त्रात आणि तू विचारतेस कोण रेणू… हो, हो, तुझी शाळेतली मैत्रीण रेणू, ती नव्हे. तिला बघायला एवढं यंत्र कशाला लागतंय.

सांगू का? खरंच ऐकायचंय?… बघ हं, मागाहून झोप आली म्हणशील. ग्रॅफाइटचा तुकडा घ्यायचा… पेन्सिलीतलं शिसं, तेच. साधी चिकटपट्टी लावून वरचा थर ओढून काढायचा, की खाली लख्ख सपाट. त्यावर थेंब सोडायचा. थेंबात मी बनवलेले रेणू. ते आपले आपण जागा धरतात, एकमेकांना चिकटून जाळी करतात. मी काही करत नाही… नाही, ढकलावं लागत नाही. हीच तर गंमत आहे. मी फक्त त्यांच्या शेपट्या लांब-आखूड करून बघते. अर्धं आयुष्य त्या शेपट्यांत गेलं.

हं, तर त्या जाळीत मधे मधे रिकामी जागा राहते. खड्डाच म्हण. दुसरा एखादा रेणू नेमका त्या मापाचा असला, तर येऊन बसतो. त्याला आमच्यात पाहुणा म्हणतात… माहीत होतं मला. माहीत होतं तू हेच म्हणणार. 'घरी पाहुणा नको, आणि तिथं पाहुण्यांवर संशोधन.' म्हण बाई, तुझा हक्क आहे.

हो, बसला. कितीदा केला हा प्रयोग, दरवेळी जाळी व्हायची नि खड्डे रिकामे. आज सकाळी बघते तर बसलेला. एकेका खड्ड्यात एकेक.

कोणाला सांगणार? आहे कोण इथं? पहारेकरी आहे, त्यानं मला 'बाई, पंखा बंद करा जाताना' एवढं सांगितलं. माझी ती विद्यार्थिनी होती ना, परदेशी गेली ती, तिला चित्र पाठवलं. तिनं अंगठा पाठवला… अगं तो फोनमधला अंगठा. छान म्हणायचं असलं की पाठवतात… नाही, राग नाही. ती तरी काय लिहिणार. मी मात्र तेव्हापासून खुर्चीतच बसलेय. चहा करून आणला, तोही थंड झाला.

ताई, मागे पाणी पडतंय कसलं?… टाकी? गच्चीवर आहेस तू? या उन्हात?

सावली असेना. घरात बसून बोलायला काय झालं?… कोण झोपलंय? मग तुझ्या खोलीत जाऊन बोल ना.

नातीला दिली? कधी?… अभ्यासाला, ते कळलं. परीक्षा आहे, तेही कळलं. पण मग तू कुठं निजतेस?

बाहेरच्या खोलीत. दिवाणावर… आणि सगळ्यांचं टीव्ही बघून होईपर्यंत?… इकडेतिकडे म्हणजे काय, ताई? इकडे की तिकडे?

बरं, बरं, नाही ओरडत.

नाही, मला ठाऊक आहे सून वाईट नाही. कोणीच वाईट नाही तुमच्याकडे, सगळे चांगले आहात. मी विचारतेय, तू अडचणीत आहेस का?

काय म्हणालीस?… परत म्हण. 'अडचणीत नाही गं, मीच अडचण आहे.'

ताई… हसत काय सांगतेस असलं. हसू नको.

तू कधी कुणाला जड झालीस का? आई गेल्यावर मला कोणी सांभाळलं? माझ्या परीक्षांना पहाटे उठून दूध कोण तापवायचं… हां, आता विषय बदलू नकोस. पाहुणा गेला उडत, त्याचं चित्र निघालंय, तो कुठं जात नाही.

माझ्याकडे ये… का नाही? जागा आहे. म्हणजे खोली आहे, तिच्यात कागद आहेत. कागद काढीन. उशी एकच आहे, दुसरी आणते… स्वयंपाक? मी रोज काय खाते ते विचारू नकोस, पण करीन. तू करशील. दोघी करू.

लोक काय म्हणतील म्हणजे? कुठले लोक?… हं… हं… हो, ते खरंय. मुलाला खाली बघायला लागेल. 'आई घर सोडून गेली' असं होईल… भांडण झालं नसताना गेलीस तर भांडण झालं असंच समजणार, हो… म्हणजे कारण हवं. आयुष्यभर मी कारणंच शोधतेय ताई, अमुक का झालं, तमुक का झालं, आणि हे एक साधं कारण सापडू नये…

काय?… कोण आलं? सूनबाई? वाळत घातलेले कपडे काढायला?

थांब, ठेवू नकोस. तिच्याकडे दे फोन… दे गं. मी काही बोलत नाही वेडंवाकडं. दे म्हणते ना.

हॅलो… हो, मावशी बोलतेय. कशी आहेस बाळा?… लेकीचा अभ्यास काय म्हणतो?… छान. अगं, ताईला मी आत्ता तेच सांगत होते, पण ती ऐकेना. तुला विचारल्याशिवाय हो म्हणणार नाही म्हणाली. माझा पाय मुरगळलाय.

जिन्यात. तळघराचा जिना आहे ना आमचा, तिथं… नाही, मोडला नाही, पण टेकवत नाही. डॉक्टर म्हणाले, घरी कोणीतरी हवं… तर म्हटलं, ताईला पाठवशील का थोडे दिवस.

बाई आहे गं कामाला. येते, भांडी घासते, जाते. तसं नाही… स्वयंपाकाचं नाही म्हणत मी. डबा लावता येतो. पण… कसं सांगू तुला. सुट्टीचे दोन दिवस गेले की तोंडातून शब्द निघालेला नसतो माझ्या. परवा भाजीवाल्याला 'अर्धा किलो' म्हणायला गेले तर घसा बसलेला. त्यानं विचारलं, सर्दी झालीय का.

घरी आले की आधी रेडिओ लावते, मग चप्पल काढते… नाही, कसलाही. बातम्या असल्या तरी चालतात. प्रयोगशाळेत काम असतं तोवर काही वाटत नाही. पण आता काम संपत आलंय बाळा. पुढल्या वर्षी मी निवृत्त, तिथली खोली दुसऱ्या कोणाची. मग मी रोज कुठं जाऊ, ते मला ठाऊक नाही. आणि आजसारखं काही चांगलं झालं ना, की जास्तच लागतं. वाईट झालं तर माणूस निजून तरी टाकतो.

एकटीनं नाही होत मला. नाही होत आता.

… हो… नाही, रडत नाही मी… पायानं, हो. पाय दुखतोय.

खरंच?… त्याला विचार, विचार ना. त्याची आई आहे… महिना तरी लागेल. या वयात लवकर भरून येत नाही… गाडीत बसवून द्याल? फार उपकार… बरं, उपकार नाही म्हणत. दे तिच्याकडे.

ताई?

अगं, तू कशाला रडतेस आता. ती पाठवतेय म्हणाली. तुझी औषधं घे, आणि उशी तुझीच आण, माझ्या आणण्यावर भरवसा नाही… कुठला पाय? कुठलाच नाही. दोन्ही धड आहेत… हो, खोटं बोलले. डावा म्हणू, विचारलं कोणी तर… ती गेली का खाली?

मग ऐक. नाटक नव्हतं ते, ताई… पायाचं तेवढं खोटं.

… हो… बाकी नाही… पायाचंच तेवढं.

ठेवते.