उज्ज्वलाचं शांत बाळंतपण

...नाही, मला एक सांगा, शांततेसाठी माणसाने मार खावा तरी किती? दोन थपडा समजू शकतो, संसार आहे, एखादी लाथही चालते, पण बोटाचं हाड? अहो, हाड! सुरतमधल्या भेस्तानच्या आमच्या सोसायटीत माझ्या भिंतीला भिंत लावून राहणारा हा योगेंद्र, त्याचं बोट मोडलं, कान सुजून भज्यासारखा झाला, गालावर पाच बोटं उठली, आणि हे सगळं कशात? भांडणात नाही, दारूत नाही, लूममध्ये हात जाऊनही नाही. शांत बाळंतपणात! तुम्हाला सांगतो, शांत! एकदम शांत!

आता हा योगेंद्र म्हणजे अमळनेरकडचा, वीस वर्षं लूमच्या खात्यात, म्हणजे कापड विणायच्या कारखान्यात, मास्तर. एका पत्र्याखाली अठ्ठेचाळीस लूम, दिवसभर खडखडखडखड... तिथे माणूस बोलत नाही हो, तिथे माणूस ओरडतो. 'चहा सांग' हेसुद्धा गाव पेटल्यासारखं सांगावं लागतं. कान निम्मे गेलेले, त्यामुळे घरी येऊन बायकोच्या कानात काही गोड बोलला तरी चौथ्या मजल्यावरचे लोक लाजतात. आणि अशा माणसाला बायको काय म्हणाली असेल? म्हणाली, "या वेळी बाळंतपणात तुम्ही माझ्याजवळ बसायचं, आणि माझ्या कानात अगदी हळू, वाऱ्यासारखं बोलायचं." वाऱ्यासारखं! त्याच्या घशातून वारा आला तर पत्रे उडतात!

हसू नका. म्हणजे हसा, पण आधी ऐकून घ्या.

उज्ज्वला धुळ्याची, इथे मराठी शाळेत शिकवते. पाच वर्षांपूर्वी तिला पहिली मुलगी झाली तेव्हा, कुठल्या दवाखान्यात ते सोडा, टेबलावर तिचे पाय बांधले होते. ती कळांनी ओरडली, तशी तिथल्या बाईने मांडीवर सपकन हाणली. "गप! फार नाटकं करते." पुन्हा ओरडली, पुन्हा सपकन. आणि योगेंद्र कुठे होता? दाराबाहेर! हातात फाइल आणि प्लास्टिकच्या पिशवीत नारळपाणी. ज्या माणसाला हॉर्न ऐकू येत नाही, त्याला त्या दाराआडून त्या थपडा ऐकू आल्या. सात. त्याने मोजल्या. आणि हा वाघ, खात्यात चाळीस माणसांवर गरजणारा, तिथे 'दवाखान्यात आपण काय बोलणार' म्हणून उभा राहिला. पिशवी हलली नाही हो हातातली!

तिने त्याला एका शब्दानेही बोल लावला नाही. तेच वाईट. पण पाच वर्षं शाळेत पोरांनी टाळ्या वाजवल्या की ही दचकायची, आणि दुसऱ्या मुलाचं नाव काढलं की उठून भांडी घासायला जायची. घासलेलीच भांडी. म्हणून दिवस राहिले आणि मोबाइलवर बघून ती म्हणाली, "मला ते हिप्नोबर्थिंग करायचंय. मन शांत ठेवायचं, श्वास घ्यायचा, भीती काढून टाकायची," तेव्हा योगेंद्रने काय आहे, कसं आहे, काहीही विचारलं नाही. म्हणाला, "करू." चौथा मजलाही म्हणाला असेल, करू!

त्याची आई अनुसयाबाई मात्र कपाळाला हात लावून बसली. "काय वं माय, आते बाळंत व्हवानी बी शाळा ऱ्हास का?"

शाळाच हो! पर्वत पाटिया भागात साड्यांच्या दुकानावरचा हॉल, तिथे रविवारी सकाळी नेहा मॅडमचा वर्ग. खाली गठ्ठे उतरतायत, 'चलो, साईड! साईड!' चाललंय, आणि वर सात जोडपी सतरंजीवर डोळे मिटून. नेहा मॅडमचा आवाज म्हणजे... कसं सांगू... दुधावरची साय. "आजपासून आपण कळ म्हणायचं नाही हं. कळ नाही. लाट. लाट येते... उंच होते... आणि जाते. आणि आपण कसे? शांत... एकदम शांत..."

घरी येऊन हे सांगितलं तर अनुसयाबाई म्हणते, "लाटा डुमसना समुद्रले ऱ्हातस, पोटम्हा नही!"

दुसऱ्या रविवारी बर्फ. नवऱ्यांनी हातात बर्फाचा खडा धरायचा, एक मिनिट, आणि त्रास होत असताना श्वास शांत ठेवायचा, म्हणजे बायकोचं थोडं तरी कळेल. बाकीचे नवरे बँकेतले, ऑफिसातले, त्यांनी धरला. याने वीस सेकंद धरला, एकविसाव्या सेकंदाला "आयच्यान्!" करून असा भिरकावला की समोरच्या सुरेशभाईंच्या कपाळावर ठक्क! सुरेशभाई डोळे मिटून मनातलं कमळ बघत होते बिचारे, त्यांना वाटलं कोणी मारलं, त्यांनी उठून धरली याची कॉलर, याने धरली त्यांची, सतरंजी सरकली, दोघं आडवे, दोन गरोदर बायका ओरडतायत, आणि नेहा मॅडम त्याच सायीच्या आवाजात, "श्वास बाहेर सोडा... शांत... एकदम शांत..." सुरेशभाईंनी श्वास सोडला, पण कॉलर नाही सोडली!

तिसऱ्या रविवारी पाठीला मालिश. लूमचे नट आवळणारे हात हो ते! त्याने प्रेमाने अंगठा दाबला, आणि उज्ज्वलाने बसल्या जागेवरून जी लाथ मारली, ती थेट याच्या गुडघ्यावर. तो लंगडत घरी आला. पण तुम्हाला सांगतो, पठ्ठ्याने एक रविवार चुकवला नाही. जेवणाच्या सुट्टीत खात्यामागे जाऊन भिंतीशी तोंड करून हळू बोलायची प्रॅक्टिस करायचा. "लाट येतेय... तू सुरक्षित आहेस... मी इथेच आहे..." कामगार म्हणाले, मास्तरला लागलंय काहीतरी. पण ते 'मी इथेच आहे' तो दहा-दहा वेळा म्हणायचा. का म्हणायचा ते कामगारांना कुठे माहीत!

आणि मग तो गुरुवार. दुपारी तीन वाजता उज्ज्वला भिंत धरून उभी राहिली आणि म्हणाली, "लाट आली." आणि बोलता बोलता तिने आधाराला जे धरलं तो योगेंद्रचा कान होता. लाट उंच झाली, कान पिळला गेला. लाट गेली, कान तिथेच, लालभडक. मुलीला माझ्याकडे सोडलं आणि रिक्षात हे दोघं आणि अनुसयाबाई. दवाखाना किती लांब? दहा मिनिटं! पण वळणावर कापडाच्या ताक्यांनी भरलेला टेम्पो आडवा. ड्रायव्हर खाली उतरून निवांत कोणाशी बोलतोय. योगेंद्र रिक्षातून वाऱ्यासारखं बोलायला गेला, "भाऊ, जरा शांतपणे बाजूला घ्या!" ते त्याच्या घशातून असं निघालं की ड्रायव्हर उसळलाच. "अबे ओय! किसपे चिल्ला रहा है?" आला तरातरा, याला बाहेर खेचलं, एक गालावर दिली फाडकन! तीच ती पाच बोटं. दुसरी देणार, तेवढ्यात रिक्षातून एक हात बाहेर आला आणि त्याने ड्रायव्हरच्या शर्टाची पुढची बाजू मुठीत धरली. उज्ज्वला! दात आवळून, अगदी हळू, जसं मॅडमने शिकवलं होतं तसं, म्हणाली, "भैया... मुझे... लाट... आई है." आणि लाट वाढेल तशी मूठ आवळत गेली. ड्रायव्हरचा चेहरा निळा. बटणं तुटून रिक्षात. "छोडो बेन! छोडो! लेता हूँ ना साईड!" मागून अनुसयाबाईने त्याच्या डोक्यात पितळी तांब्या घातला तो निराळाच. बरं, पुढे काय? तोच ड्रायव्हर टेम्पो बाजूला घेऊन पुढे पळत सुटला, वाटेतल्या प्रत्येक गाडीला शिव्या घालत रस्ता मोकळा करत. बघा, माणूस चांगला होता, फक्त गळा दाबावा लागला!

दवाखाना छोटा. डॉक्टर ज्योतीबेन भल्या बाई, त्यांनी आधीच सांगितलं होतं, नवरा आत बसेल. योगेंद्र आत बसला. आणि काय सांगू, तासभर खरंच जमलं हो! तो कानाशी, "लाट येतेय... मी इथेच आहे..." ती डोळे मिटून श्वास घेतेय, त्याचं बोट मुठीत. बाहेरच्या बाकावर अनुसयाबाई तोंडात पदर घालून बसलेली, कारण तिलाही शांत राहायला सांगितलं होतं. शांत! एकदम शांत!

मग डॉक्टर दोन मिनिटं शेजारच्या खोलीत गेल्या. आणि मोठी कळ आली. लाट-बिट नाही, कळ! उज्ज्वला ओरडली. पोटातून ओरडली. आणि तिथली कुसुम नावाची आया, वीस वर्षं हेच करत आलेली, सवयीने म्हणाली, "ए, गप गं! नाटकं नको," आणि हात उचलला.

तुम्हाला सांगतो, त्या क्षणी योगेंद्रला ती खोली दिसलीच नाही. त्याला ते जुनं दार दिसलं. हातातली पिशवी दिसली. हात खाली आला सपकन, पण मांडीवर नाही पडला, कारण मध्ये योगेंद्र होता. थप्पड त्याच्या खांद्यावर बसली. आणि मग पाच वर्षं घशात अडकलेला तो आवाज सुटला. अठ्ठेचाळीस लूमच्या वरचा!

"हात खाली!!"

खिडकीची काच थरथरली. ट्रे खाली पडला. बाहेर कोणाच्या तरी हातातून बाळंतविडा सुटला. कुसुमबाई भिंतीला चिकटली. "पुन्हा हात उचलला तर... तर..." आणि तो रडायलाच लागला, एवढा मोठा बाप्या, हुंदके देऊन. "ती ओरडेल! तिला पाहिजे तेवढं ओरडेल! तू गप!" बाहेर अनुसयाबाईला वाटलं, आत लेकालाच मारतायत, ती किंचाळली, "मारी टाकशी का वं मन्हा आंडोरले!" डॉक्टर धावत आल्या, काय झालं ते एका नजरेत समजल्या, कुसुमबाईला म्हणाल्या, "बाहेर." एवढंच. आणि खोलीत जी शांतता पसरली... तशी नेहा मॅडमलाही कधी जमली नसेल.

उज्ज्वला त्याच्याकडे बघत होती. कळांच्या मधल्या त्या मिनिटात ती म्हणाली, "ऐकू आलं होतं ना तुम्हाला तेव्हा?"

तो म्हणाला, "सगळं."

ती म्हणाली, "या इकडे. बोट द्या."

दिलं. आणि पुढची कळ आली, तिने ते बोट दातांत धरलं. कट्ट! त्यालाच ऐकू आलं. तो ओरडला? नाही! हुं की चूं नाही. डॉक्टर म्हणाल्या, "नाळ मानेभोवती आहे. आता जोर लावू नकोस, उज्ज्वला, नुसता श्वास घे." आणि इथे, हसणाऱ्यांनो, ऐका, इथे तो वर्ग कामाला आला. अंग फाटत असताना जोर न लावणं म्हणजे काय, विचारा कुठल्याही बाईला! तिने श्वास घेतला. फूऽऽ... फूऽऽ... त्याने मोडक्या बोटाने श्वास मोजले. डॉक्टरांनी नाळ सोडवली, आणि बाळ बाहेर. मुलगा.

आणि बाळ... शांत.

एकदम शांत.

निळसर. हलत नाही, रडत नाही. डॉक्टर टॉवेलने पाठ चोळतायत, तोंड साफ करतायत, तळपायावर टिचक्या मारतायत. योगेंद्र म्हणतो, असा आवाज मी आयुष्यात ऐकला नाही. लूम बंद पडल्यावर जसं वाटतं तसं. दहा सेकंद, वीस सेकंद... आणि उज्ज्वला कोपरांवर उठली. तीन महिने हळू बोलायला शिकलेली ती मास्तरीण, धुळ्याच्या बसस्टँडवर ऐकू जाईल अशी ओरडली, "रड! ए, रड ना रे! ओरड!" योगेंद्र ओरडला, "ओरड बाळा!" बाहेरून अनुसयाबाई काय चाललंय ते न कळताच ओरडली. तिघांनी दवाखाना डोक्यावर घेतला. आणि मग... किर्रर्र करून असा सूर लागला पोराचा, असा लागला, की डॉक्टर टॉवेल धरून हसायला लागल्या. "बापाचाच गळा आहे," म्हणाल्या. उज्ज्वला आडवी पडली आणि रडत रडत म्हणाली, "रडू दे. कोणी गप करू नका त्याला."

त्याला कोण गप करणार! आज बाविसावा दिवस आहे, अजून कोणाला जमलेलं नाही, माझी भिंत साक्ष आहे.

आता सोसायटीतल्या बायका बाळंतिणीला बघायला येतात. अनुसयाबाई दारातच सगळ्यांना सांगते, "सून एकदम ग्वाड बाळंत व्हयनी, आंडोरले जड गयं." बायका आत येतात, बाळ बघतात, उज्ज्वलाच्या गालावरून हात फिरवतात, आणि डिंकाच्या लाडवांचा डबा सरळ योगेंद्रसमोर ठेवतात. "घ्या भाऊ. अंगात ताकद यायला पाहिजे." कानाला बांधा म्हणून एकीने मफलरही आणून दिला, सुरतच्या उन्हात!

मी विचारलं, "अरे, मग तू काय म्हणालास?"

म्हणाला, "काय म्हणणार? बांधला. आणि लाडू चांगले होते."