चहाचा घास

नाही, नाही, आत्ता आत नका जाऊ सिस्टर, बसा तुम्ही — डोळा लागलाय त्यांचा. म्हणजे लागला असेल, ह्या वेळेला लागतो. खुर्चीवर मैद्याचा डबा आहे, तुम्ही त्या स्टुलावरच टेका. आणि तो वजनाचा काटा इथंच भिंतीशी ठेवा. मागच्या खेपेला तुमच्याऐवजी ती दुसरी मुलगी आली ना, आल्या आल्या काटा काढला तिनं. म्हटलं, बाई गं, त्यांना उभं कोण धरणार, माझी कंबर धरलीय. तर गेली तशीच. तुम्ही रजेवर होतात, हो ना? तरीच. आता एवढ्या कुकीज ओव्हनमध्ये गेल्या की मी मोकळी, मग जाऊ आपण आत. घाई आहे का तुम्हाला? नाही ना. मग बसा.

वास? चहाचाच तो. दचकू नका, प्यायचा नाही. तुम्ही सांगितलंय ते पक्कं आहे डोक्यात — पातळ काही द्यायचं नाही, छातीत उतरतं, पाणीसुद्धा ती पावडर घालून दाट करून द्यायचं. चहाही केला होता मी त्या पावडरीचा. खळ झाली हो नुसती, कपड्यांना घालायची खळ. चमचा तोंडाशी नेला तर ह्यांनी ओठ मिटले ते मिटलेच. आमच्या वन्संनी एकदा भावाच्या प्रेमापोटी चमचाभर साधा चहा पाजला, तर खोकून खोकून निळे पडले, वन्संचं प्रेम तिथंच आटपलं. पण चहाशिवाय ह्यांनी जगायचं कसं, तुम्ही सांगा. ज्या माणसानं उभा जन्म चहावर काढला — अहो, चहाच्या कंपनीत चव बघायचे ना हे. सांगितलं नव्हतं तुम्हाला कुणी? लांबच लांब टेबल, त्यावर ओळीनं पांढऱ्या वाट्या, आणि हे ह्या टोकाकडून निघायचे. चमचा बुडवायचा, सुर्रकन ओढायचा — शेजारच्या खोलीत ऐकू जाईल असा — तोंडात घोळवायचा आणि थुंकायचा. गिळायचा नाही कधी. चाकांची पिकदाणी असायची, ती पायानं ढकलत पुढं सरकायचे. आमचं लग्न ठरताना आईनं मामाला विचारलं, मुलगा करतो काय, तर मामा म्हणाला, थुंकतो. पण पगार चांगला आहे.

हसा, हसा. मीही हसले होते तेव्हा. पण मान केवढा होता. जीभसाहेब म्हणायचे ऑफिसात. एका घोटात सांगायचे, ही पत्ती भट्टीत जास्त राहिली, ही पोत्यात ओलावली, हिच्याशेजारी कुणीतरी साबणाचं खोकं ठेवलं होतं. आणि मग घरी यायचे आणि माझ्या हातचा चहा घ्यायचे. सुर्र नाही, काही नाही, चारचौघांसारखा. चांगला झालाय असं एकदाही म्हणाले नाहीत. वाईट झालाय असंही नाही. कप रिकामा करून ठेवायचे, झालं. दिवसभर ज्यानं बड्याबड्यांचा चहा थुंकून टाकलाय, तो माझा गिळतोय — मला आणखी काय पाहिजे होतं?

जरा ते झाऱ्याखालचं भांडं सरकवता? तेच. बघा, हे बटर. मंद आचेवर पातळ करायचं, त्यात पत्ती टाकायची आणि झाकून ठेवायचं, मग फडक्यातून पिळून गाळायचं. एक कण राहता कामा नये, घशाला चिकटला तर काय घ्या. मग त्यात साखर, अंडं, वर आणखी एक बलक, मैदा, कोको आणि चॉकलेटचे तुकडे. आणि गुपित म्हणजे काढायच्या केव्हा, तर कच्च्या आहेत असं वाटतं तेव्हा. मध्ये बोट लावलं की खड्डा पडला पाहिजे. गार होईपर्यंत त्या आपल्याआपण होतात. वर डब्यात पावाचा तुकडा ठेवते, म्हणजे वाळत नाहीत. मऊ, ओलसर, भुगा न होणारं असं काय ते द्या, म्हणाला होतात ना तुम्ही? ते शब्द ऐकले आणि माझी ट्यूब पेटली. दुधाची तहान ताकावर म्हणतात, आमची चहाची तहान बिस्किटावर. कडा तेवढ्या कडक होतात, त्या मी कापून टाकते. टाकते म्हणजे खाते. काय बघताय? मला ठाऊक आहे, ह्या घरात एक माणूस वाळत चाललंय आणि दुसरं फुगत चाललंय.

वाळतातच हो माणसं आजारपणात. नाही का वाळत?

पहिल्यांदा दिली ना, तेव्हा तुम्ही असायला हवं होतं. बोलणं तर अर्धांगाचा झटका आला त्या दिवसापासून गेलंच, पण चेहरा — तुकडा जिभेवर ठेवला आणि डोळे मिटले, नाकानं वारा आत ओढला, अगदी ऑफिसातल्यासारखा, आणि मग घशाची घाटी वर झाली, खाली झाली. गेला तुकडा. आणखी एक दिला, तोही गेला. मी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून रडले, आणि हे आपले चांगल्या हातानं माझ्या डोक्यावर थोपटतायत. वन्संना फोन केला तर त्या म्हणतात, चॉकलेटमध्ये चहा, हे काय भलतंच. त्यांना काय जातंय उंटावरून शेळ्या हाकायला.

मग काही दिवसांनी ह्यांनी तुकडा थुंकला. तोंडात धरला बराच वेळ, ह्या गालातून त्या गालात नेला, आणि दिला सोडून वाटीत. तुम्हाला वाटेल मला वाईट वाटलं. मुळीच नाही, मला आनंद झाला. म्हटलं, आले जीभसाहेब परत. कारण ती पत्ती मी कोपऱ्यावरच्या दुकानातून आणली होती, सुटी, आणि मलासुद्धा संशय होता तिचा. मी विचारलं, शिळी आहे का हो? मान हलवली. असं बरं वाटलं म्हणून सांगू. जित्याची खोड, दुसरं काय. मग चांगल्या दुकानातली आणली. तीही थुंकली. धुराचा वास येतोय का? मान हलवली. मग मी त्यांच्या ऑफिसात फोन केला, आता त्यांच्या जागेवर एक बाई आहेत, फार चांगल्या, त्यांनी नमुन्याच्या पुड्या पाठवल्या. डोंगरउतारावरची, सपाटीवरची, पहिल्या खुडणीची. मी एकेक पुडी बटरमध्ये मुरवायची, भाजायची, मधला मऊ भाग काढून भरवायचा आणि वाटी हनुवटीखाली धरून बसायचं. आणि ते एकेक नापास करत होते. त्या बाई तर फोनवर म्हणाल्या, पहिल्या खुडणीचाही नाही आवडला? सरांची जीभ अजून तशीच आहे हो. मी सगळ्यांना सांगत सुटले होते, भाजीवाल्यालासुद्धा — बोलता येत नाही, उभं राहता येत नाही, पण जीभ तशीच आहे.

थांबा, हा ट्रे ओव्हनमध्ये सरकवते. ही आजची पत्ती शेवटच्या पुडीतली. ही त्यांना आवडणार. एवढी वर्षं त्यांच्याबरोबर काढली, मलाही थोडंफार कळतं आता. ही आवडली की गिळतील, मग जरा जीव धरतील. मग धरा खुशाल काट्यावर.

बाकीचं काय? बाकीचं खाणं का? देते ना, उपाशी ठेवते की काय? बटाटा देते कुस्करून. तो नाही फारसा जात, पण बटाटा त्यांना पहिल्यापासून आवडत नाही. दही देते, दही हल्ली आंबट येतं, मी बदलणारच होते ते. उकडलेलं सफरचंद — त्याला काय चव असते सांगा, मी तरी खाईन का? केळं. केळं त्यांचं आवडतं आहे. ऑफिसातून आले की आधी केळं, मग चहा.

केळंही येतं बाहेर.

नाही, तसं नाही, थांबा, तुम्ही भलताच अर्थ काढताय. थुंकतात म्हणजे — कसं म्हणजे? तुम्ही काय विचारताय मला कळलं नाही. जोर लावून? ऑफिसातली पिचकारी कशी असायची माहितीये, हातभर लांब उभं राहून नेम धरायचे, एक थेंब कधी शर्टावर नाही. आता — आता तसा जोर कुठून आणणार ते. आता ओठ उघडतात आणि पडतं. हनुवटीवरून. मी पुसते. हो, सगळं तसंच पडतं. बटाटा, दही, केळं, ती दाट पावडर घातलेलं पाणी. सगळंच तसं पडतं, सिस्टर. मी कधी असं एका ओळीत म्हणून बघितलं नव्हतं.

जरा ओव्हन — नाही, असू दे, जळू दे. पण मान हलवायचे हो ते. मी विचारायची आणि ते हो म्हणायचे. शिळी आहे? हो. जळकी आहे? हो. एकदा मी थट्टेनं विचारलं, चहा वाईट की मी वाईट, तरी हलवली आणि मी हसले. त्यांना भूक लागत होती आणि मी पत्ती बदलत होते. त्यांना गिळता येत नव्हतं, आणि मी म्हणत होते, काय बाई ह्यांची जीभ. दुसरी कुठली बायको असती तर दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे पळाली असती. मला कौतुक होतं ना. पहिल्या दिवशी गिळली होती हो त्यांनी, मी बघितलं, घाटी वर झाली, खाली झाली, मला भास नाही झाला. मग पुन्हा झटका येऊन गेला असेल म्हणता? बारीकसा? आणि मला कळलासुद्धा नाही? ह्याच घरात, माझ्यासमोर बसून?

नळी. नाकातून की पोटातून? पोटातून. मग तोंडानं काहीच नाही, जिभेला काहीच नाही. पुढं सुधारेल, असं नका म्हणू. तुम्ही तुमच्या कामाचं म्हणताय, मला ठाऊक आहे, पण नका म्हणू. तुमच्या चेहऱ्यावर दिसतंय. नळीनं किती दिवस निघतील तेही नका सांगू. नळीतून चहा ओतला तरी त्यांना काय कळणार, पोटाला काय चव असते?

गाडी आजच बोलवायची? बोलवा. फोन इथं लागत नाही, मागच्या खिडकीशी जा. कपडे काय द्यायचे बरोबर? पुढून उघडणारे सदरे, बरं. मी बांधते.

आता त्यांच्याशी बोलायला आत जाताय? त्यांची संमती? आधी त्यांना विचारायचं असतं, बरोबर आहे, माणूस शुद्धीत आहे तर विचारायलाच हवं. पण नका विचारू, सिस्टर. मी सही करते, तुम्ही काय म्हणाल तिथं करते. त्यांना विचारलं की ते मान हलवतात, आणि आपल्याला वाटतं आपल्याला उत्तर मिळालं.

जा तुम्ही, फोन करा. स्वयंपाकघराचं दार लावून घ्या, चहाचा वास आत जातोय.