नांदेडची रुंद गाडी

आमच्या नांदेडच्या वकीलमामांची हौस सांगतो. निजामाचा अंमल होता. मामांना दिवाणखान्यात कायमची चावीची आगगाडी मांडायची होती. हैदराबादच्या दुकानात मापं दोन, लहान आणि मोठं.

मामींचं माहेर लातूर. त्या म्हणाल्या, “लहानच घ्या. मोठी लई जागा खाती.”

लातूरच्या खऱ्या आगगाडीचे रूळ तेव्हा नांदेडपेक्षा अरुंद. मामांनी तेवढंच धरलं. “अरुंद गाडी तुमच्या लातूरला. माझ्या घरात सासुरवाडीची गाडी धावणार न्हाई.”

मोठी गाडी आली. खोलीभर फळ्या टाकून रूळ ठोकले, गाद्या-तक्के माळ्यावर गेले.

दिवाळीला मामींचे वडील आले. दारातच थबकले. “जावईबापू, बसावं कुठं?”

मामी आतून म्हणाल्या, “बाबा, उभेच राहा. नांदेडच्या गाडीत बसायला जागा मिळत नसती.”