खाटेची जागा

मार्च २००२, सकाळी सव्वानऊ. घोडेगावच्या स्टँडवर गाडीची वाट बघत बसलेल्या चांदबीच्या शेजारच्या बाकावर कळंबचे म्हातारे भिमाजी आणि त्यांचे व्याही येऊन बसले.

“सशांचा पिंजरा आत घेतला म्हणं?” व्याह्यांनी विचारलं.

“घेतला. उसात बिबट्या हाय. परवा शेजारची शेळी नेली.”

“बेस केलं. कुठं ठेवला?”

“माजघरात, माझ्या खाटंच्या जागी.”

“आन खाट?”

“अंगणात, पिंजऱ्याच्या जागी. माझ्या खोकल्यानं ससे दचकत्यात, असं तुमची लेक म्हणली.”

“पावणं, थट्टा करता?”

“न्हाई हो. हवा लई झकास हाय. ससे आत गेलेत, एवढं बिबट्याला सांगायचं राहिलंय.”

“मी बोलतो तिच्याशी.”

“बोला. पण हळू बोला, घरात ससे हायेत.”

कळंबची गाडी लागली. व्याही एकटेच चढले. भिमाजी बाकावरून उठले नाहीत.